माझ्या गालावरचा पोचा

मी एक जुनी निळी गाडी आहे आणि माझ्या डाव्या गालावर एक पोचा आहे. मित्रांनो, हसू नका. तो कसा पडला, हे सांगायची मला लाज वाटत नाही.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्या रंगात तोंड दिसायचे. पहिल्या मालकाने मला सहा वर्षे दामटले, पण तेल कधी वेळेवर बदलले नाही. मग मला बसताईने घेतले. ती शाळेची बस चालवते, म्हणून मुले तिला बसताई म्हणतात. वेगाचा काटा तिसाच्या वर जाऊ द्यायचा नाही, ही तिची नोकरी! आठवड्यातून दोनदा ती आपल्या आईला माझ्यातून फिजिओथेरपीला न्यायची. आईचा गुडघा अधू, आणि माझी सीट नेमकी तिच्या सोयीच्या उंचीची. आणि महिन्या-दोन महिन्यांनी आम्ही दोघी ट्रॅकवर जायचो. तिथे हौशी लोक स्वतःच्या गाड्या घेऊन येतात. शर्यत नसते, बक्षीस नसते, नुसता मोकळा रस्ता आणि पोटभर वेग.

रस्त्यावरचा नेहमीचा विमा तिथे चालत नाही. म्हणून बसताई त्या एका दिवसापुरता वेगळा विमा काढायची. अर्जात नवे ब्रेक, जुने टायर, सगळे खरेखरे लिहायची. माझे वय तरी दोन वर्षांनी कमी लिहावे, असे मला फार वाटायचे.

एकदा ट्रॅकची दुरुस्ती निघाली आणि आमचा दिवस आठवडाभर पुढे गेला. बसताईने रजा बदलून घेतली, शेजारणीला आईकडे लक्ष द्यायला सांगितले, माझी हवा तपासली. विमावाल्यांना कळवायचे मात्र राहून गेले. कागद माझ्याच खणात होता, मागच्या शनिवारची तारीख मिरवत. पण मला हॉर्न आहे, तोंड नाही.

त्या दिवशी शेवटच्या वळणावर माझी मागची चाके घसरली. मी गर्रकन फिरले आणि कडेच्या टायरांच्या भिंतीवर गाल आपटून थांबले. बसताईला खरचटलेसुद्धा नाही. तिने खणातला कागद काढला, वाचला आणि माझ्या चाकाशी बसून रडू लागली.

तिचा मामेभाऊही गाडी घेऊन आला होता. तो धावत आला. "रडतेस काय? रस्त्याचा विमा आहे ना? हायवेवर कुत्रं आडवं आलं म्हणून सांगू."

"आणि हे टायरचे काळे डाग?"

"पुसू की! कोण बघतंय?"

त्याने खरेच मला पुसले आणि तिला न विचारता विमा कंपनीला फोनही करून टाकला. गॅरेजच्या मिस्त्रीने मला पाहून मान हलवली. विमा मिळाला नाही तर हिला भंगारात द्या, म्हणाला. माझे तर धाबे दणाणले.

सोमवारी नुकसान पाहायला विम्याचा सर्व्हेयर अंगणात आला. तो बराच वेळ माझ्या गालापाशी वाकला होता. मग त्याने विचारले, "कुत्रं कुठल्या बाजूनं आलं?"

खरे सांगते, मित्रांनो, मी मनात ओरडत होते, बोल खोटे! माझा जीव जातोय!

बसताईने दारात उभ्या असलेल्या आईकडे पाहिले.

"माझ्याकडे काय बघतेस?" आई म्हणाली. "मी जाईन बसने. माझ्या गुडघ्याचं निमित्त करून खोटं बोलायचं नाही."

"कुत्रं नव्हतंच," बसताई म्हणाली. "ट्रॅकवर आपटली. वेगळा विमा होता, पण तारीख आधीच्या आठवड्याची. चूक माझी."

सर्व्हेयरने पेनाला टोपण लावले. "दिव्याच्या खाचेत काळं राहिलंय, ते मी मघाशीच पाहिलं. बरं झालं बोललात. विम्याचा दावा मागे घेतला असं लिहितो."

खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात. तो गोटा चुकला, पण माझ्या दुरुस्तीचे काय? बसताईने मला भंगारात दिले नाही. अकरा महिने मी अंगणात ताडपत्रीखाली बसून होते. मांजरीने माझ्या टपावर संसार थाटला. आई काठी टेकत बसने जायची, आणि परत आली की माझ्यावर थाप मारून म्हणायची, "आहेस ना गं?" तेव्हा मला फार रडू यायचे. दर रविवारी बसताई मिस्त्रीच्या हाताखाली माझे एकेक अंग नीट करत होती. शेवटी एवढा पोचा उरला. मिस्त्री तोही काढणार होता. बसताई म्हणाली, "राहू दे. मला तारखेची आठवण राहील."

पुन्हा ट्रॅकवर निघालो तेव्हा आईने चष्मा लावून विम्याचा कागद मागितला. तारीख मोठ्याने वाचली, भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडून पाहिली.

"शेजारी बसणाऱ्याचं काही लिहिलंय का यात?"

"नाही गं, आई."

"मग मी कठड्याशी उभी राहून बघेन. चल."

मित्रांनो, तुमच्या घरातल्या गाडीचे तेल बघा, हवा बघा, कागदावरची तारीख बघा. आणि कधी आपटलात, तर कुठे आपटलात ते खरे सांगा. माझ्यासाठी तिने खोटे बोलावे, अशी मी त्या दिवशी आस लावून होते, याची मला आजही लाज वाटते. आठवड्यातून दोनदा आई माझ्याजवळ येते, आधी त्या पोच्यात अंगठा ठेवते आणि मगच दार उघडते.