उलट्या पावलांचे बाबा

भुताचे पाय उलटे असतात म्हणतात. आमच्या बाबांचे पोटासाठी उलटे झाले होते. जन्मभर ते या जुन्या गावात गाईड होते. मिटलेली छत्री उंच धरायची, पाहुण्यांकडे तोंड करायचं आणि बोलत बोलत उलटं चालायचं. गाव गोऱ्या साहेबांनी वसवलेलं. साहेब गेले, त्यांची जकातकचेरी, तोफा आणि घड्याळाचा मनोरा मागे राहिला आणि त्यावर आमची चूल पेटत राहिली.

सोमवारी बाबांना वृद्धाश्रमात ठेवायचं ठरलं होतं. दादाने ते फोनवर ठरवलं आणि मी हो म्हटलं, कारण माझ्याच्याने आता होत नव्हतं. शहरातल्या माझ्या घरात ते दारांना धडकत, मला नर्सबाई म्हणत, आणि बरेचदा काहीच म्हणत नसत. लहानपणी माझं तोंड बंद नसायचं, म्हणून त्यांनी माझं नाव टकळी ठेवलं होतं. जायच्या आधी एकदा, फक्त एकदा, 'टकळे' अशी हाक मला हवी होती. म्हणून शनिवारी त्यांना इथे घेऊन आले.

"कशाला त्यांचे आणि तुझे हाल करतेस?" दादा म्हणाला होता. "त्यांना कुठे काय कळतंय?"

गावाच्या दगडी कमानीपाशी टॅक्सीतून उतरलो, तशी बाबांनी माझ्या हातातली छत्री काढून घेतली. त्यांची पाठ ताठ झाली.

"बाई, पहिल्यांदाच आलात का आमच्या गावात?"

"बाबा, मी तुमची मुलगी."

"वा, वा!" ते म्हणाले आणि उलटे चालू लागले.

पडतील म्हणून मी हात पुढे करून धावले. पण घरात उंबऱ्याला अडखळणारा माणूस इथे एकाही दगडाला ठेचाळला नाही. आवाज खणखणीत. मोठ्या बंगल्यापाशी त्यांनी साहेबाच्या मडमेचं भूत रंगवून सांगितलं. ते भूत त्यांनीच आमच्या स्वयंपाकघरात, आईला हसवायला रचलं होतं. आता गावातले सगळे गाईड तेच सांगतात. ऐकता ऐकता तीन-चार पर्यटक आमच्या मागून चालू लागले. फुकटचं कोणाला नको असतं? भुताची पांढरी टोपीसुद्धा बाबांना आठवत होती. मला त्या मेलीचा हेवा वाटला.

जकातकचेरीच्या पायऱ्यांवर ते थांबले.

"इथे सांभाळून हं. आमची टकळी इथेच पडली होती. हनुवटी फुटली पोरीची. मी सगळे पाहुणे तिथल्या तिथे सोडले आणि तिला उचलून धावत दवाखान्यात नेलं."

लोणकढी थाप! मला आईने नेलं होतं. बाबा पाहुण्यांना घेऊन पुढे गेले होते आणि आईच्या खांद्यावरून मला ती छत्री लांब लांब जाताना दिसत होती. त्याचा राग मी इतकी वर्षं सांभाळला होता. पण आत्ता नाव तोंडात आलं होतं. मी पुढे झाले, त्यांचं बोट धरलं आणि माझ्या हनुवटीवरच्या व्रणावर ठेवलं.

"बाबा, ही बघा खूण. मीच टकळी."

त्यांनी वाकून व्रण पाहिला. अगदी मायेने पाहिला.

"अरेरे, तुम्हीही पडलात?" ते म्हणाले. "या पायऱ्या वाईटच हो."

मागचे पर्यटक हसले. मलाही हसू आलं आणि मग रडूच कोसळलं. बाबांनी नजर दुसरीकडे वळवली. पाहुणा रडला तर त्याच्याकडे बघायचं नसतं, हा त्यांचा जुना नियम.

फेरी कमानीपाशी संपली. पर्यटक पांगले. "चला बाबा, घरी जाऊ," म्हणून मी त्यांचा दंड धरला.

त्यांनी हलकेच माझा हात सोडवला. "माफ करा हं. माझे पाहुणे खोळंबलेत."

छत्री उंच धरून ते चौकात जाऊन उभे राहिले. समोर कोणीच नव्हतं. ते इकडे बघत, तिकडे बघत. चेहरा कावराबावरा झाला. ते मला बघवेना. मी डोळे पुसले आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"बाई, पहिल्यांदाच आलात का आमच्या गावात?"

"हो," मी म्हटलं. "पहिल्यांदाच."

ते खूश झाले. माझ्याकडे तोंड करून, हसत, ते एकेक पाऊल मागे जाऊ लागले.