साक्ष मध्येच थांबली

"वजन पुन्हा दीड किलोनं उतरलंय," डॉक्टरांनी काट्यावरून नजर वर उचलली. "खाता ना?"

"खाते की," टायपिस्टबाई म्हणाल्या.

"केव्हा?"

शेजारी बसलेला नवराच बोलला, "संध्याकाळी, घरी आल्यावर. सकाळपासून पाण्याचा घोटसुद्धा नाही. सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आला."

चार महिन्यांपूर्वी बाईंच्या आतड्याला पीळ पडला होता. काळं पडलेलं लहान आतडं कापावं लागलं. उरलं ते जेमतेम हात-दीड हात. तेव्हापासून काही खाल्लं की अर्ध्या तासात धावत सुटायची वेळ येई. बावीस वर्षं त्या कोर्टात साक्षी टाइप करत होत्या, आणि चालू साक्षीतून त्या कधीच उठल्या नव्हत्या. आता त्यांनी आपल्यापुरता मार्ग काढला होता. आडातच नसेल, तर पोहऱ्यात येईल कुठून?

"उरलेलं आतडं शिकतंय, बाई," डॉक्टर म्हणाल्या. "आतली बारीक लव लांबते, गेलेल्याचं काम अंगावर घेते. साखरेचं पाणी देऊन तपासलं ना? मागच्यापेक्षा बरीच जास्त साखर रक्तात पोचलीय. पण अन्न पोटात पडलं तरच ते शिकेल. उपाशी ठेवलंत, तर सुकेल. मग जन्मभर सलाइन. दर दोन तासांनी थोडा भात, बटाटा. गोड सरबतं नकोत, त्यानं जुलाब वाढतील."

"म्हणजे खाल्लं तर कोर्ट जाणार, नाही खाल्लं तर मी," बाई कोरडं हसल्या.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता त्यांनी कपाटाआड उभं राहून चार घास खाल्ले. साडेअकराला एका गोदामाचा म्हातारा पहारेकरी पिंजऱ्यात उभा राहिला. तो एकेक शब्द आठवून आठवून बोलत होता. बाईंच्या पोटात कळ उठली. कपाळावर घाम आला, बोटं चालूच राहिली. दरवाजा वीस पावलांवर, आणि मध्ये दोन वकील, आरोपी, त्याची आई, बाकांवर दाटीवाटीनं बसलेली माणसं.

"मग मी दार ढकललं," पहारेकरी म्हणाला.

टायपिंगचा आवाज थांबला. बाई उभ्या राहिल्या होत्या.

"साहेब, मला जायला हवं."

"साक्ष संपतच आलीय, बाई. पाच मिनिटं," न्यायाधीश म्हणाले.

"पाच मिनिटं नाहीत माझ्याकडे, साहेब."

त्या चालत गेल्या, धावल्या नाहीत. परत आल्या तेव्हा वकील उगाच कागद चाळत होते. कुणी बाईंकडे पाहिलं नाही. खुर्चीत बसून त्यांनी शेवटची ओळ स्वच्छ आवाजात वाचली, "'मग मी दार ढकललं.' पुढं?"

त्या महिन्यात असं आणखी तीनदा झालं. मग 'प्रकृतीच्या कारणास्तव' असा कागद आला आणि बाईंची बदली तळघरातल्या नकला विभागात झाली. खिडकीबाहेर भिंत, शेजारी स्वच्छतागृह. दिवसभर दुसऱ्यांनी टाइप केलेल्या साक्षींच्या नकला काढायच्या. पुढच्या तपासणीत वजन नऊशे ग्रॅमनं वाढलं. डॉक्टर खूश झाल्या. नवऱ्यानं आकडा दोनदा विचारून घेतला.

एके सकाळी अकराला बाईंनी डबा उघडला. वरच्या मजल्यावर एकदम खुर्च्या सरकल्या. न्यायाधीश आले असावेत, सगळे उठून उभे राहिले असावेत. बाईंचा चमचा हवेतच थांबला. वरची खुडबुड शांत होईपर्यंत त्या छताकडे बघत राहिल्या. मग खाली मान घालून, सावकाश चावत, त्यांनी तो घास खाल्ला.