सातव्या स्लाइडवरचा हात

अक्षदाने तयार केलेला ऑनलाइन कोर्स रुग्णालयातल्या मावश्या चाचणीसाठी बघू लागल्या त्याला नऊ दिवस झाले होते, आणि ते नऊही दिवस सातव्या स्लाइडने तिचं डोकं खाल्लं होतं.

कोर्स तसा साधाच. वॉर्डातला कचरा कुठल्या रंगाच्या पिशवीत टाकायचा, पिशवी कधी बांधायची, सुया कुठे ठेवायच्या. वीस स्लाइड मोबाईलवर बघायच्या आणि शेवटी दहा प्रश्न. परळला जुन्या गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत बसून तिने तो महिनाभर घासूनपुसून केला होता. गोड आवाज, रंगीत चित्रं, मध्येच उड्या मारत येणारी एक बादली. त्या बादलीवर तर ती फारच खूश होती. पण संगणकावरचे आकडे भलतंच सांगत होते. बादलीपाशी बाया बारा सेकंद थांबत होत्या. बाकी स्लाइडचीही तीच गत. फक्त सातवीवर अकरा मिनिटं.

"अडकतायत तिथे," तिचा साहेब निलेश म्हणाला. "वीस मिनिटांत कोर्स संपेल असं लिहून दिलंय आपण. शुक्रवारी डॉक्टरांपुढे फायनल. उडव ती स्लाइड."

"अरे पण कशावर अडकतात ते तरी बघू दे की."

"पहिलाच कोर्स आहे तुझा, अक्षदा. हॉस्पिटलने नाही म्हटलं तर दुसरा मिळायचा नाही."

त्या स्लाइडवर असं होतं तरी काय? एक वाक्य आणि एक फोटो. हातमोजे घातलेले दोन हात आणि लाल पिशवी. वॉर्डात फोटो काढायची परवानगी मिळेना, म्हणून तिने तो घरीच, मागे पांढरी चादर टांगून काढला होता. हात तिच्या आईचे. मालनबाईंनी त्याच रुग्णालयात आया म्हणून तीस वर्षं काढली होती आणि दोन वर्षांपूर्वी त्या निवृत्त झाल्या होत्या. अनुभवी हात घरातच फुकट मिळत असताना बाहेर कोण शोधेल?

कोर्स सुरू झाल्यापासून आई रोज संध्याकाळी एकच प्रश्न विचारायची, "त्या फोटोबद्दल कोणी बोललं का गं काही?" अक्षदाला वाटायचं, या वयात आईला मिरवायची हौस आली.

बुधवारी दुपारी ड्यूटी बदलायच्या वेळेला ती कोणाला न सांगता रुग्णालयात गेली. मावश्यांच्या कपडे बदलायच्या खोलीत चौघी डबे उघडून बसल्या होत्या. मधल्या स्टुलावर एकच मोबाईल, पाण्याच्या बाटलीला टेकवलेला. त्यांच्यातल्या सगळ्यात जुन्या बकुळामावशींनी तिला लगेच ओळखलं.

"मालनची ना तू? जय भीम. बस. जेवलीस? आमचा कोर्सच चाललाय बघ. रोज नव्या तिघी-चौघींना बसवते मी."

अक्षदा बसली आणि बघत राहिली. पहिल्या सहा स्लाइडभर गोड आवाज आपला बोलत होता. इकडे कोणी लोणचं मागितलं, कोणी लेकीच्या शाळेचं गाऱ्हाणं सांगितलं. बादली उड्या मारून गेली, तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. अक्षदाचं तोंड एवढंसं झालं.

मग सातवी आली. बकुळामावशींनी हात पुसले आणि फोन थांबवला.

"प्राची, हो पुढे. काय चुकलंय सांग."

प्राची महिन्यापूर्वीच कामाला लागलेली, विशीतली मुलगी.

"चुकलंय?" अक्षदा न राहवून म्हणाली.

"तू गप गं. तिला सांगू दे."

प्राचीने डोळे बारीक केले. "पिशवी लाल, बरोबर. मोजे आहेत. गाठ नाय मारली?"

"गाठीचं सोड. हात बघ."

प्राचीने स्वतःच्या डब्याची पिशवी घेतली, फोटोतल्यासारखी धरून पाहिली आणि थबकली. "दाबतेय ती! वरून पंजाने दाबतेय!"

"मग दाबली तर काय झालं?"

"आत सुई असली तर हातात घुसेल ना."

"लाल पिशवीत सुई कुठून येईल? सुयांना पांढरा डबा आहे."

"डबा आहे, पण घाईत टाकतातच ना कोणीतरी! कालच आमच्या वॉर्डात सापडली."

त्यावर सगळ्याच एकदम बोलायला लागल्या. कोणाच्या वॉर्डात काय सापडलं, कोण थोडक्यात वाचलं. अकरा मिनिटं अशी जात होती तर!

अक्षदाने वाकून फोटो पाहिला. पंजा पिशवीवर चांगला जोर देऊन पसरलेला होता आणि खाली तिनेच लिहिलं होतं, 'पिशवी पाऊण भरली की बांधा.' तिच्या नजरेतून ते सुटलं होतं, निलेशच्या सुटलं होतं, मंजुरी देणाऱ्या डॉक्टरांच्याही. तिचे कान लाजेने तापले.

"मावशी, चूक माझी. उद्याच फोटो बदलते."

"बदलू नको! ती वाकडी करंगळी मोज्यातूनपण ओळखते मी. मालन काय चुकून दाबेल? आम्हाला चापट मारून शिकवलंय तिने. मुद्दाम दाबलीय, पोरींनी चूक पकडावी म्हणून. तिचं स्वतःचं तसंच झालं होतं ना. तुला बोलली नाय?"

अक्षदाने नकारार्थी मान हलवली.

"पिशवी दाबताना सुई घुसली. काय आजार लागलाय का म्हणून सहा महिने तपासण्या चालल्या होत्या. काय नाय निघालं शेवटी. पण तोवर हिने घरात ताट वेगळं केलं, पेला वेगळा केला. डॉक्टर सांगून थकले, ताटाने काय होत नाय बाई. ऐकेल तर ना! पोरीला जवळ घेता येत नाय म्हणायची आणि इथे, याच खोलीत, बसून रडायची. तू चौथीत होतीस."

चौथीतलं ते वर्ष अक्षदाला स्वच्छ आठवत होतं. आईने एकाएकी तिला आपल्या ताटातला घास द्यायचं बंद केलं होतं. गणितात ऐंशीच पडले म्हणून आई रागावलीय, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. आजपर्यंत ती तेच धरून बसली होती. तिला रडू आलं, आणि त्या चौघींसमोर ती खुशाल रडली.

बाहेर पायऱ्यांवर येऊन तिने निलेशला फोन लावला.

"सातवी राहणार. बाकीच्या चित्रांतही एकेक चूक घालतेय मी. मावश्यांना शोधू दे. आणि बादली काढतेय."

"वेड लागलंय? शुक्रवारी डॉक्टरांना काय सांगायचं?"

"आपण कशाला सांगायचं? बकुळामावशींना बोलावते. फोटोतलं काय चुकलंय ते डॉक्टरांनाच विचारतील त्या."

"तू बादली काढायला तयार झालीस," निलेश म्हणाला, "म्हणजे नक्की काहीतरी बघितलंयस. बोलाव त्यांना."

ती घरी पोचली तेव्हा आई जेवायला बसली होती. "कोणी बोललं का गं?"

"बोलल्या. पिशवी दाबलीय म्हणाल्या."

आईचा हात घासावरच थांबला. "आधी कोणाच्या लक्षात आलं?"

"प्राची म्हणून आहे. नवीन."

"नव्या पोरीच्या!" आईचा चेहरा उजळला.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर फोटो बदलून मोकळी झाली असतीस."

"फोटोचं नाही विचारत, आई. चौथीतलं विचारतेय."

आईने मान खाली घातली. भाकरीचा तुकडा बोटांत नुसताच फिरवत राहिली. "तुला काय वाटलं होतं तेव्हा?"

"गणितात ऐंशीच पडले म्हणून तू रागावलीस."

आई तिच्याकडे बघतच राहिली. तिचे डोळे भरून आले. "वेडे," ती म्हणाली, "त्या ऐंशीचे पेढे वाटले होते मी सगळ्या वॉर्डात."

आणि तिने आपलं ताट दोघींच्या मध्ये सरकवलं.