कुलूपरावांच्या ताब्यातली माती

खाणीचा नियम चांगला होता. नियम चांगलेच असतात. शेताचा वरचा हातभर थर, म्हणजे ज्यात पीक येतं ती माती, आधी अलगद खरवडून बाजूला ठेवायची. मग खालचा कोळसा काढायचा, खड्डा बुजवायचा, तीच माती वर पसरायची आणि शेत मालकाला परत करायचं. मधली काही वर्षं माती सांभाळायला माणूस हवा होता. कंपनीने कुलूपरावांना नेमलं.

हे नाव त्यांना धान्याच्या गोदामात पडलं होतं. तिथे त्यांनी उभी हयात काढली, पण एक पोतं इकडचं तिकडे होऊ दिलं नाही. तिथले उंदीरसुद्धा त्यांना विचारून येतात, असं हमाल म्हणत.

खाणीत जाणारं पहिलं शेत त्यांच्या थोरल्या बहिणीचं होतं. ताईला नवरा नव्हता, मूल नव्हतं, शेत होतं. ती सही करेना.

"माती माझ्या ताब्यात राहील, ताई," कुलूपराव म्हणाले. "कण हलणार नाही."

ताईने सही केली ती भावाच्या शब्दावर. कंपनीचा शब्द तिने ऐकूनही घेतला नव्हता.

खरवडलेल्या मातीचा ढीग बुटका आणि पसरट हवा, असं कुठेतरी लिहिलेलं होतं. पसरट ढीग जागा खातो म्हणून खाणीच्या साहेबांनी तो दुमजली घराएवढा रचला. त्यावर पेरायला गवताचं बियाणंही आलं होतं. ढिगावरचं गवत बघायला कोण येणार, असा विचार करून साहेबांनी ते विश्रामगृहासमोर पेरलं, आणि खाली अंथरायला ढिगातलीच एक डंपर माती नेली. हे कुलूपराव रुजू होण्याच्या आदल्या दिवशी घडलं. कळल्यावर त्यांनी साहेबांशी आठवडाभर अबोला धरला. साहेबांच्या तो लक्षात आला नाही.

त्यानंतर मात्र कण हलला नाही. पावसाने वाहून जाऊ नये, वाऱ्याने उडू नये म्हणून कुलूपरावांनी अख्ख्या ढिगावर दुहेरी ताडपत्री ताणली आणि कडांवर दगड ठेवले. फटीतून एखादा कोंब डोकावला तर ते तो मुळासकट उपटत. साठ्यात बाहेरचं काही वाढता कामा नये. तपासणीला येणारे पाहुणे ढिगापुढे फोटो काढून घेत. ताई अधूनमधून येऊन ताडपत्रीवर हात ठेवून जाई. एकदा ती म्हणाली, जरा उघडून दाखव. साठा मधेच उघडायचा नसतो, असं कुलूपरावांनी तिला समजावलं.

मातीला हवा लागते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ज्यांना माहीत होतं ते फोटोत होते.

शेवटी ताडपत्री निघाली. डंपर भरू लागले तशी आतली माती दिसली. करडी, चिकट, गटारासारखा वास येणारी. तिच्यात एक मूळ नव्हतं, एक गांडूळ नव्हतं. मोजली तर बरोबर भरली, ती एक डंपर सोडून. साहेबांनी कुलूपरावांची पाठ थोपटली.

ताईने पेरलं. उगवलं नाही. पुन्हा पेरलं. पाऊस झाला तशी शेतावर पापडी धरली, आणि पापडीला तडे गेले. ती कार्यालयात गेली. तिथल्या कारकुनाने आदराने बसवून विचारलं, माती कमी भरली का? नाही ना? मग तक्रार कशाची घेऊ?

तरी कंपनी अगदीच निर्दय नव्हती. ताईला विश्रामगृहाच्या हिरवळीवर पाणी घालायचं काम मिळालं.

कुलूपराव पुष्कळ दिवस तिकडे फिरकले नाहीत. गेले तेव्हा ती गुडघ्यांवर बसून खुरपत होती. गवत दाट, पोटरीला लागेल इतकं वाढलेलं. तिने ओंजळभर माती उचलून त्यांच्यापुढे धरली. काळी, भुसभुशीत. त्यात एक गांडूळ वळवळत होतं.

"ओळखलीस?"

कुलूपरावांनी वास घेतला. लहानपणी दोघं याच मातीत खेळली होती.

"ही माझ्या ताब्यात नव्हती, ताई," ते म्हणाले.

"म्हणून तर जगली," ताई म्हणाली. रागाने नाही. तिने माती होती तिथे ठेवली, वरून दाबली नाही, आणि नळी उचलली. "पाय काढ. गवतावर उभं राहिलेलं साहेबांना चालत नाही."