तेलमास्तर

सतीशनं जीपखाली सरकून चेंबरचा बोल्ट काढला आणि खाली घमेलं धरलं. तेलाची काळी धार पडायला हवी होती. काहीच पडलं नाही.

"आयला, कोरडा हाय का काय चेंबर?" तो खालूनच ओरडला.

म्हसा रस्त्यावरच्या त्याच्या गॅरेजपुढं पाचसहा माणसं जमली होती. म्हसा गावची जत्रा नुकतीच भरली होती. वर्षभर फेऱ्या मारून जीपवाल्यांच्या पदरात जे पडत नाही ते या दिवसांत पडतं, आणि नेमकी आजच सकाळी अनंताची जीप माणसांनी खच्चून भरलेली असताना चढावर खाडकन बंद पडली होती. माणसं खाली उतरली, बोचकी डोक्यावर घेतली आणि शिव्या घालत पायी जत्रेला गेली. जीप ट्रॅक्टरला बांधून इथं आणली होती.

आता बोल्टाच्या भोकातून काहीतरी डोकावलं. पिवळट, जाड. ते खाली पडेना, नुसतं लोंबत राहिलं. सतीशनं बोटानं ओढलं तर दोरीसारखं लांबतच गेलं.

"ह्यो काय तेल नाय. डिंक हाय डिंक!" तो बाहेर आला. "अनंता, टाकलास तरी काय?"

"मी काय टाकतोय? काल सांजला मास्तरनं कंपनीचं औषध टाकला, तेवढाच," अनंता म्हणाला.

हे ऐकून कुणाच्या मनात शंका यावी की नाही? पण नाही. उलट सगळ्यांना हायसं वाटलं. मास्तरनं टाकलंय म्हणजे ते चांगलंच असणार, घोटाळा दुसरीकडं कुठंतरी असणार. "मास्तर, पुढं या. तुमीच सांगा बघून," सतीश म्हणाला आणि लोकांनी बाजूला होऊन वाट दिली.

मास्तर म्हणजे सदानंद. कुठल्या शाळेत शिकवायला गेला नव्हता बिचारा. मुरबाडच्या एमायडीसीत वंगणाच्या तेलाचा एक कारखाना आहे, तिथं तो कामाला. कल्याणला जाणारे जीपवाले, ट्रॅक्टरवाले, पंपवाले इंजिनातली तेल मोजायची पट्टी उपसून त्याच्यापुढं धरायचे. सदानंद तिच्यावरचा थेंब अंगठा आणि बोट यांत चोळायचा, डोळे बारीक करायचा, वास घ्यायचा आणि सांगायचा, "अजून चालंल," नाहीतर, "बदल, जळलाय." तेवढ्यावर लोक तेल बदलायचे किंवा ठेवायचे. कुणीतरी गमतीनं तेलमास्तर म्हणालं आणि तेच नाव चिकटलं.

खरं सांगायचं तर कारखान्यात तो ड्रम भरायचा. नळी लावायची, काटा बघायचा, झाकण ठोकायचं, ड्रम गडगडत न्यायचा. आत मोठ्या कढयांमध्ये काय आणि किती मिसळतात हे ठरवणारी माणसं वेगळी. मी साहेब आहे असं सदानंद कधी म्हणाला नाही. नाही, असंही कधी म्हणाला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची!

आणि या मुठीची किंमत त्यालाच ठाऊक. गॅरेजजवळच्या याच नाक्यावर, चहाच्या टपरीत, त्याच्या बापाला चहा वेगळ्या कपात मिळायचा. कप वळचणीला अडकवलेला असायचा, पिऊन झाल्यावर बापानं तो स्वतः विसळून परत अडकवायचा. लहानपणी सदानंदनं हे डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याच टपरीपुढं आता लोक त्याला खुर्ची देत होते. ते सुख त्यानं घरीसुद्धा कधी बोलून दाखवलं नाही, पण रोज एसटीतून उतरला की त्याची पावलं आधी नाक्याकडं वळायची.

अनंताची जीप म्हातारी. तेल प्यायची, निळा धूर सोडायची. "मास्तर, जत्रेपुरती तरी चालव बाबा हिला. तुमच्या कंपनीत काय नाय का?" अनंतानं महिनाभर पाठ धरली होती. आणि सदानंदच्या डोळ्यांपुढं ती गरम खोली आली. कारखान्यात एका खोलीत वाफेवर तापवलेले ड्रम असतात. त्यातला पदार्थ तेलात घातला की इंजिन कितीही तापलं तरी तेल पाण्यासारखं पातळ होत नाही. एवढं त्यानं ऐकलं होतं. ड्रम रिकामे झाले की उलटे करून निथळवायचं काम त्याच्याकडंच. काकवीसारखी जाड, चकचकीत धार बघून त्याला वर्षानुवर्षं वाटायचं, तेल असावं तर असं! थोड्यानं जर एवढा गुण येतो, तर नुसतं हेच भरलं तर?

काल पाळी संपताना त्यानं निथळलेला एक कॅन भरला, गोणपाटात गुंडाळला आणि एसटीत मांडीवर घेऊन बसला. थंडी मी म्हणत होती, कॅनची ऊब छान वाटत होती. तो नाक्यावर उतरल्याबरोबर अनंतानं जुनं तेल काढलं आणि सदानंदनं ते ऊन ऊन सगळं आत ओतलं. जीप चालू केली. खडखड गायब! धूर गायब! अनंतानं आनंदानं त्याच्या पाठीवर थाप मारली, टपरीवाल्यानं आल्याचा चहा पाजला. सदानंद घरी जाऊन रत्नप्रभाला सगळं सांगून झोपला. रात्रभर जीप उघड्यावर, दवात उभी होती.

आता गॅरेजपुढं त्यानं ती पिवळी दोरी अंगठ्या-बोटात धरली. वास ओळखीचा होता. कारखान्यात त्याच्या कपड्यांना रोज येतो तोच. पण असं गार, असं घट्ट त्यानं ते जन्मात पाहिलं नव्हतं. काय झालं ते त्याला पुरतं कळलं नाही, पण कुणामुळं झालं ते त्या क्षणीच कळलं.

सगळे त्याच्या तोंडाकडं बघत होते. 'माझं चुकलं' एवढे दोनच शब्द. ते ओठांपर्यंत आले आणि त्याला वळचणीचा कप दिसला.

"औषध चांगलाच हाय," तो म्हणाला. आपलाच आवाज त्याला परका वाटला. "पण वरून कोणी भेसळीचा तेल ओतला तर असा फाटतो. दूध फाटतं ना, तसा. कोणी काय टाकला व्हता का वरून?"

"मी टाकला," मागून बुधू म्हणाला.

बुधू म्हणजे अनंताच्या बायकोचा, बाळीचा, भाऊ. डोंगरातल्या वाडीवरचा, अबोल. अनंताची जीप तोच चालवायचा. "सकाळी गाडी लवकर उचलंना. पट्टी काढली तर डिंकावानी लागला व्हता. दाजींना फोन केला, ते बोलले मास्तरनं टाकलंय, तुला काय कळतंय? तरी मना भ्या वाटला. म्हनून दुकानातला डबा आणून वाईच वतला."

"झाला कल्याण!" कुणीतरी म्हणालं. "मास्तरनं टाकल्यावर हात लावायचा कशाला रे?"

"दाजी, पन डिंक आधीच व्हता..."

"गप! मास्तरपेक्षा तुला जास्त कळतंय?" अनंताचा आवाज फाटला. जत्रेची कमाई, गाडीचं इंजिन, सगळं त्या एका ओरडण्यात होतं. "चावी दे. दे चावी!"

बुधूनं खिशातून चावी काढली. तिला त्याच्या पोरीनं लाल मण्यांचा गोंडा बांधला होता. चावी देण्याआधी त्यानं तो सोडवायचा प्रयत्न केला, गाठ सुटेना, तेव्हा तसाच देऊन टाकला. जाताना त्यानं सदानंदकडं एकदा पाहिलं. रागानं नाही. आता तूच सांग, अशा नजरेनं. सदानंद बोटं पुसत राहिला.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती ही!

घरी रत्नप्रभा भाकऱ्या थापत होती. "काय झाला होता गाडीला?" तिनं विचारलं. त्यानं दुधाची गोष्ट तिलाही सांगून बघितली. तिचे हात थांबले.

"तुमीच बोलला ना काल, की चेंबर सगळा रिकामा करून आपलंच भरलंय म्हणून? मग वाटीभर तेलानं फाटंल कसा?"

त्यानं ताट पुढं ओढलं.

"अहो, तुमच्या बापाला लोकांनी चारचौघांत कमी लेखला, ते तुमी जन्मभर उगाळताय. आणि आज तुमी त्या बुधूला काय केलात?"

सदानंदला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ताटातली भाकरी तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात तो चहाच्या सुट्टीत प्रयोगशाळेच्या दाराशी उभा राहिला. चपला बाहेर काढाव्यात की नाही तेच त्याला कळेना. इतक्या वर्षांत त्या खोलीत तो कधी गेलाच नव्हता.

"या ना, सदानंदकाका," श्वेता मॅडम म्हणाल्या. त्याच्या मुलीच्या वयाची पोरगी. "काय काम काढलंत?"

"मॅडम, गरम खोलीतला माल गार झाल्यावर कसा दिसतो?"

त्यांनी कपाटातली बाटली काढून त्याच्या हातात दिली. "आडवी करा." त्यानं आडवी केली. आतलं हललंच नाही. "पॉलिमर आहे हे, काका. लांबच लांब साखळ्या समजा. गारठ्यात गोळा होऊन बसतात, तेल तापलं की पसरतात, म्हणून तेल पातळ होत नाही. पण भाजीत मीठ घालावं तेवढंच घालायचं, तेही तापवून, ढवळून. नुसतं वापरायचं नसतं."

"आणि नुसतंच इंजिनात घातला तर?"

"गार झालं की जागचं हलणार नाही. बेअरिंगपर्यंत थेंब पोचणार नाही, इंजिन जाम." त्या हसल्या. "पण असं कोण घालेल?"

"घालतात मॅडम," सदानंद म्हणाला. "अडाणी माणसं असतात."

बाटली परत देताना त्यानं मान वर केली नाही. त्यांना ते दिसलं असावं, कारण त्यांचं हसू मावळलं.

संध्याकाळी एसटीतून उतरल्यावर पाय नाक्याकडं वळेनात. घराची वाट सरळ समोर होती. पण तो वळला. टपरीपुढं अनंता, सतीश आणि चारदोन जीपवाले बसले होते. पलीकडं बुधू जत्रेतल्या भांडीवाल्याच्या टेंपोतून पातेल्यांचे गठ्ठे उतरवत होता. जीपची चावी गेल्यावर आणखी काय करणार?

"या मास्तर, बसा," कुणीतरी खुर्ची सरकवली.

तो बसला नाही. "बुधू, इकडं ये रे जरा," त्यानं हाक मारली. बुधू अंगावरची धूळ झटकत आला आणि जरा लांबच उभा राहिला.

"दूध-बीध काय फाटला नाय," सदानंद म्हणाला. "इंजिन माझ्यामुळं गेला. ते औषध थोडंच टाकायचं असतं, मी सगळं तेच भरला. ते गार झालं की गोठतं, हे मला म्हाईत नव्हता. मी कंपनीत ड्रम भरतो, अनंता. साहेब नाय मी. बुधू बोलत व्हता तो खरा व्हता."

अनंतानं हातातला कप खाली ठेवला. टपरीवरचा स्टोव्ह तेवढा फरफरत होता.

"म्हाईत नव्हता, समजला," शेवटी अनंता म्हणाला. "पण काल हातात धरलास तवा? तवा कळला ना?"

"कळला."

"मग का नाय बोललास?"

"लाज वाटली."

अनंतानं त्याच्याकडं पाहिलं. "इंजिन होईल रे दुसरा," तो हळूच म्हणाला. "मी माझ्या बायकोच्या भावाला चारचौघांत कुत्र्यासारखा हाकलला. तुझ्या शब्दावर. बाळीनं कालपासून माझ्याशी तोंड नाय उघडला."

शिवी दिली असती, कानफटात मारली असती तरी सदानंदला सोपं गेलं असतं. "दुरुस्ती माझ्याकडं," एवढंच तो पुटपुटला. मग बुधूकडं वळून त्यानं हात जोडले. बुधू बावरला, इकडंतिकडं बघायला लागला आणि, "भांडीवाला वाट बघतोय," म्हणून निघून गेला.

जत्रा उठली. इंजिन उघडून नीट व्हायला त्यानंतरही बरेच दिवस गेले. सतीशनं काम केलं, सदानंदनं आपल्या पगारातून फेडलं, अनंतानं नको म्हटलं नाही. नाक्यावर कुणी त्याला टोमणा मारला नाही. खुर्चीही कुणी काढून घेतली नाही. फक्त पट्ट्या यायच्या बंद झाल्या. मास्तर हे नावही हळूहळू गळून पडलं आणि लोक त्याला सदादादा म्हणू लागले.

एका संध्याकाळी तो एसटीतून उतरला तर अनंताची जीप टपरीपुढं उभी होती. बुधू बॉनेट उघडून वाकला होता. चावीचा लाल गोंडा जागेवर होता, जरासा मळलेला. सदानंद जवळ जाऊन थांबला.

बुधूनं पट्टी उपसली. सदानंदचा हात सवयीनं पुढं झाला. अंगठा आणि बोट जुळलेलेसुद्धा होते.

बुधूनं ते पाहिलं. क्षणभर तो घोटाळला. मग त्यानं पट्टी फडक्यानं पुसली, परत आत घातली, परत उपसली आणि उजेडाकडं धरून स्वतःच नीट निरखून बघितली.

"बरा हाय ना?" सदानंदनं विचारलं.

"बरा हाय, सदादादा," बुधू म्हणाला आणि त्यानं बॉनेट लावलं.

सदानंदनं हात खिशात घातला. जीप कल्याणच्या रस्त्याला लागेपर्यंत तो तिथंच उभा राहिला. खिशात त्याची बोटं एकमेकांवर घासत होती.