वांग्यांचा हार

"मी हारलो तं भर बाजारात वांग्याचा हार घालून वरडंन. तुमी हारले तं तुमी," मी म्हणालो आणि हात पुढं केला.

"वांग्याचाच काहून? फुलाचा घालू की," उत्तमराव म्हणाले.

"फुलाचा तुमाला रिटायरमेंटला घातला व्हता. तवापासून डोकं फिरलंय, म्हणून आता वांग्याचा."

गल्ली हसली. ओट्यावर लसूण सोलत बसलेल्या उत्तमरावांच्या आई मंजुळाबाईही दात नसलेल्या तोंडानं हसल्या. उत्तमरावांनी माझ्या हातावर असा काही हात आपटला, की लसणाचं सूप हाललं.

उत्तमराव एसटीत कंट्रोलर होते. आता कळमनुरीत माझ्या घरासमोर राहतात आणि दिवसभर गल्ली कंट्रोल करतात. त्यांच्या लेकीचं, प्रतीक्षाचं, लग्न माघात धरलं होतं. नवरदेव पुण्यात नोकरीला. तेव्हापासून उत्तमरावांना आपल्या इकडची प्रत्येक गोष्ट खुजी दिसायला लागली होती. लग्नाच्या पंगतीला भरल्या वांग्यांची भाजी ठरली आणि वांगी हिंगोलीच्या नव्या मार्टातून आणायची, असं त्यांनी जाहीर केलं.

"एकसारखा माल. डब्यात पॅक. थंडगार," ते म्हणाले. "पुण्याचे पाव्हणे येऊन राहिले. गोणपाटावरचं वांगं वाढू का त्यायला?"

"पुण्याच्या पाव्हण्याला जीभ न्हाई का? जनकाबाईचं वांगं खाल्लं तं नवरदेव हितंच घरजावई ऱ्हाईल."

"तुला काय कळतंय भाजीतलं, मुंज्या? तू रिक्षा चालव."

इथंच पैज लागली. जनकाबाईचं वांगं का मार्टाचं, मंजुळाबाई दोन्ही रांधणार, त्याच चाखून सांगणार. जो जिंकेल त्याच्या म्हणण्याप्रमाणं लग्नाची भाजी यायची.

मला भाजीतलं कळत नाही, हे उत्तमराव माझ्यावरच्या जुन्या रागातून बोलले. मागच्या दिवाळीत त्यांच्या स्कूटरवर मी 'विकणे आहे' अशी पाटी त्यांच्या फोन नंबरासकट लावली होती. लोक घरी येऊन टायरला लाथा मारून बघत होते. एक जण तर बायकोला दाखवायला घेऊन आला.

पण रिक्षावाल्याला नाही कळणार तर कुणाला कळणार? कोण कुठून काय घेतं, ते सगळं माझ्या मागच्या सीटवर बसून घरी जातं. हळद घ्यावी ती हिंगोलीच्या मोंढ्यातून, गाठी बघून, आणि डोळ्यांदेखत दळून. पिशवी रिक्षात ठेवली की दोन दिवस रिक्षा लग्नघरासारखी वास मारते. औंढ्याला नागनाथाच्या रस्त्यावर एक म्हातारा फुटाणे भाजून देतो. यात्रेकरू प्रसाद म्हणून घेतात आणि माझ्या रिक्षातच संपवून टाकतात. आमच्या कळमनुरीचा किराणावाला तूरडाळ देताना चार दाणे आधी स्वतः चावतो, मग वजन करतो. आणि मार्टही काही वाईट नाही हो. खोटं कशाला बोलू? डाळीत खडा नाही, साखर पांढरीशुभ्र, उन्हाळ्यात आत गेलं की बाहेर यावंसं वाटत नाही. मी तर कधी कधी नुसता गार व्हायला जातो आणि एक काडेपेटी घेऊन बाहेर येतो.

पण वांगं म्हणाल तर जनकाबाईचं.

जनकाबाई कयाधूच्या काठच्या गावची. नवरा, रामजी, गेल्यावर लोक म्हणाले, जमीन दुसऱ्याला बटईनं कसायला दे. तिनं दिली नाही. विहिरीजवळच्या तुकड्यात भाजीपाला लावला आणि डोक्यावर पाटी घेऊन कळमनुरीला यायला लागली. आता पाट्या माझ्या रिक्षात येतात. ती पुढं माझ्या शेजारी टेकते आणि ओल्या गोणपाटावर हात ठेवून असते, मांडीवर निजलेल्या लेकरावर ठेवावा तसा.

तिच्या बसण्याच्या जागेवर नेहमी दोन ढीग असतात. एक चांगल्या वांग्यांचा. दुसरा लहान, आणि त्याच्यासाठी ती आपणहून ओरडते, "ही किडकी हायत, चिरून बघून घ्या!" आख्ख्या बाजारात स्वतःच्या मालाला किडका म्हणणारी ही एकच बाई. आणि वजन झालं की वरून मूठभर कोथिंबीर, दोन मिरच्या. मागावं लागत नाही. न मागता पिशवीत पडतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला आणायला गेलो, तर ती मळ्यातच होती.

"जयभीम, जनकामाय! चला, उशीर व्हायलाय."

"आरं, इकडं ये, तुला एक गंमत दावते," ती म्हणाली.

विहिरीच्या पलीकडं वांग्याचे नवे वाफे होते. काटेरी देठांची, हिरव्या-जांभळ्या रेघांची वांगी नुकती अंगठ्याएवढी झाली होती.

"हे सगळं परतीक्षासाठी," ती म्हणाली. "सोयरीक झाली आयकलं आन् तवाच रोप टाकलं. बराबर लग्नाला तोडाय येतंय बघ. त्या लेकराच्या बारशाची भाजी माझीच व्हती."

"उत्तमरावांनी सांगितलं का तुमाला?"

"सांगायचं काय त्याच्यात? तुमच्या गल्लीतलं कोणतं लग्न मी सोडलं?"

माझ्यासारखा माणूस गप्प बसला की त्याला ताप आला असं लोकांना वाटतं. तिनंही विचारलं, "तब्येत बरी न्हाई का रे?" एवढी वांगी एकदम बाजारात उतरवली तर मातीमोल जातील, हे मलाही कळत होतं. आणि एकदा उत्तमरावांनी मार्टातून आणलं की गल्लीतलं पुढचं प्रत्येक लग्न मार्टातूनच होणार. आमच्या गल्लीत उत्तमरावांनी पडदे बदलले तरी लोक पडदे बदलतात.

त्या दिवशी मी तिच्याकडून वांग्यांच्या दोन पिशव्या घेतल्या. एक पैजेची, एक घरची. मग उत्तमरावांना घेऊन हिंगोलीला गेलो. ते मार्टातून वांग्यांचा डबा घेऊन आले. पांढरी थाळी, वर ताणून बसवलेला प्लास्टिकचा कागद, त्यावर स्टिकर. आत वांगी अशी चकचकीत, की त्यात बघून भांग पाडावा. म्हातारीचे डोळे अधू. पण नुसत्या चकाकीवर भाळली तर?

"मी जरा बँकेत जाऊन येतो. डबा सांभाळ," उत्तमराव म्हणाले.

बोक्यावर दूध सोपवून गेले.

मी कागद खालच्या बाजूनं हळूच सोडवला. मार्टाची वांगी सीटखाली, पान्या-पकडीच्या शेजारी टाकली. घरची पिशवी डब्यात पालथी केली, त्यातलीच मोठी मोठी वांगी वर रचली आणि कागद पुन्हा ताणून बसवला; उत्तमराव स्टिकर बघणार, वांगी नव्हे. आता दोन्हीकडं जनकाबाईच! कोणतंही जिंकू दे, हार उत्तमरावांच्या गळ्यात. परत येताना मी रस्ताभर शीळ घातली. उत्तमराव म्हणाले, "हारायच्या आधी एवढा खूश झालेला माणूस पह्यल्यांदा बघून राहिलो."

संध्याकाळी त्यांच्या अंगणात गल्ली जमली. माझी बायको मिना चुलीपाशी बसली होती. उत्तमरावांनी डबा वर धरून सगळ्यांना दाखवला.

"बघा. डोळे भरून बघा. ह्याला म्हणतेत माल! देठ बघा, ताजेपणा बघा. असं वांगं गोणपाटावर मिळंल का?"

"न्हाईच मिळणार," मी म्हणालो आणि हसू दाबायला खोकलो.

मंजुळाबाईंनी डबा घेतला, नखानं कागद फाडला आणि वांगी परातीत ओतली. वांग्यांच्या मागून कोथिंबिरीची एक जुडी आणि दोन हिरव्या मिरच्या परातीत पडल्या.

म्हातारीनं जुडी उचलून हुंगली.

"का रे उत्तम, मार्टात वरून कोथिंबीर देतेत का?"

"मार्टात?" उत्तमराव म्हणाले. "मार्टात पिशवीचेबी पैसे घेतेत."

मग सगळ्या माना एकदम माझ्याकडं वळल्या. इतकी वर्षं पिशवीत कोथिंबीर पडते आहे, की ती वेगळी काढावी लागते हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मिनानं कपाळावर हात मारला. "तरीच म्हणलं, घरची पिशवी कुठं गेली!"

लोक लोटपोट हसले. मीही हसलो. आपली चोरी अशी सुंदर पकडली गेली, तर माणसानं हसावंच. नेमकी त्याच वेळी जनकाबाई रिकाम्या पाट्या घेऊन अंगणात आली. रोज याच वेळेला ती घरी जायला माझी रिक्षा शोधत यायची. उत्तमरावांनी तिला सगळं सांगितलं, पैजेपासून कोथिंबिरीपर्यंत. लग्नाची भाजी मार्टातून आणायचं ठरवलं होतं, तेही सांगितलं.

ती हसली नाही.

"तुला माझा माल कमी वाटला का, मुंजा?"

"न्हाई माय, तसं न्हाई..."

"मंग चोरून काहून घातला?"

मी परातीतल्या दोन मिरच्या उचलल्या आणि परत ठेवल्या.

"झालं तं मंग," उत्तमराव म्हणाले. "पैज मी जिंकलो. भाजी मार्टाची."

"पैज तुमीच जिंकली," जनकाबाई म्हणाली. "मुंजानं हार घालावा. पण भाजीची पैज अजून लागलीच न्हाई, उत्तमराव. मार्टाची वांगी कुठायत?"

मी सीटखालून ती आणली. दिवसभर इंजिनाची ऊब खाऊन मऊ पडली होती. उत्तमरावांचा एक भाऊबंदच टोमणा मारत म्हणाला, "बघा, हा मार्टाचा माल!"

"त्यायचा काय दोष?" जनकाबाई म्हणाली. "ह्याच्या सीटखाली बसवलं तं मीबी सुकन. उत्तमराव, बाजारच्या दिवशी नवा डबा आणा. माझ्या गोणपाटावर माझ्या मालाशेजारी ठेवा. मंजुळामावशीनं चाखून सांगावं. मार्टाचं म्हणल्या तं माझी तकलीफ न्हाई."

तकलीफ नव्हती म्हणे. परतताना विहिरीपलीकडच्या वाफ्यांजवळून गेलो, तेव्हा तिनं मान दुसरीकडं वळवली.

बाजारच्या दिवशी मिनानं मोठ्या आवडीनं हार ओवला. सुतळीत वांगी, मध्ये मध्ये भेंडी, खाली लटकन म्हणून एक दुधी. तो घालून मी जनकाबाईच्या शेजारी उभा राहिलो आणि ओरडायला लागलो.

"या, या, या! हारलेल्या माणसाकडून घ्या! खोटं बोलून दमलो, आता खरं बोलतो, वांगी घ्या!"

माणसं थांबायची, हसायची, फोटो काढायची. एका रिक्षावाल्यानं विचारलं, "काय मुंजाजीभौ, नवरदेव का?" मी म्हणालो, "व्हय, वरात मार्टातून निघाली, हितं अडवली."

तेवढ्यात उत्तमराव आले. हातात मार्टाचा नवा डबा, पाठीमागं काठी टेकत मंजुळाबाई. गोणपाटावर डबा ठेवला गेला. जनकाबाईनं त्यातलं एक वांगं उचललं, हातात फिरवलं.

"बरी हायत," ती म्हणाली. "वाईट न्हाईत. लांबून आलीत, थकली बिचारी."

शेजारच्या भजीवाल्या सटवाजीनं आपली भट्टी दिली. दोन्हीकडची वांगी निखाऱ्यांवर भाजली. मंजुळाबाई पाठ करून बसल्या. सटवाजीनं दोन द्रोणांत भरीत कालवलं, तेच मीठ, तीच मिरची, आणि भाकरीबरोबर म्हातारीसमोर ठेवलं. आता बाजारातलं गिऱ्हाईकही माप सोडून बघत होतं. मीसुद्धा ओरडायचं विसरलो. जनकाबाई मात्र तराजूचं पारडं पदरानं पुसत होती. ते स्वच्छच होतं, तरी पुसत होती.

मंजुळाबाईंनी पहिल्या द्रोणातला घास घेतला. "चांगलं हाय," म्हणाल्या. "पोट भरंल."

दुसऱ्या द्रोणातला घास घेतला. भाकरीचा आणखी एक तुकडा मोडला. मग आणखी एक. उत्तमरावांनी विचारलं, "आई, कोणतं?" म्हातारीनं त्यांच्याकडं बघितलंही नाही. द्रोण तिरपा करून बोटानं तळ पुसला.

दुसरा द्रोण कुणाचा, ते सांगायला सटवाजीनं जनकाबाईकडं बोट केलं.

उत्तमराव गोणपाटासमोर उकिडवे बसले. एसटीतला कंट्रोलर बाजारात उकिडवा बसलेला कळमनुरीनं त्या दिवशी पहिल्यांदा बघितला.

"लग्नाच्या आदल्या दिवशी तोडून देशील का, जनका?"

"आदल्या दिवशी काहून? त्याच दिवशी पहाटं तोडते. दव हाय तवर मांडवात येतीन."

"आन् किडकं निघालं तं?"

"माझ्या ढिगात किडकं निघत न्हाई. किडक्याचा ढीग हा इकडं वायला हाय."

उत्तमराव हसले. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "तू काहून गप झालास? वरड! पैज हारलायस."

मी ओरडलो. दुपार कलली तरी ओरडत होतो. घसा बसला, उन्हानं गळ्यातली वांगी काळवंडून सुकायला लागली. एका बाईनं वांग्याला हात लावून विचारलं, "ही अशी का हो?" मी काही म्हणायच्या आत जनकाबाई उठली.

तिनं माझ्या गळ्यातला हार काढला, गाठ सोडली आणि सुकलेली वांगी एक एक करून किडक्यांच्या ढिगाशेजारी ठेवली. मग पाटीतली ताजी, रेघांची वांगी निवडून त्याच सुतळीत ओवली.

"आता राहू द्या ना माय," मी म्हणालो. "बाजार उठायलाय."

"माझ्या नावानं वरडायलास," ती म्हणाली. "गळ्यात सुकलेला माल चालत न्हाई."

हार तिनं माझ्या गळ्यात घातला, दुधी मधोमध आला का ते बघितलं. मग पाटीतून मूठभर कोथिंबीर आणि दोन मिरच्या घेतल्या, माझ्या शर्टाच्या खिशात खोचल्या आणि आपल्या जागेवर जाऊन बसली.