दोनदा कट

मोबाईल घेतल्यापासून भीमराजचे पाय काही जमिनीवर ठरत नव्हते. भिंगारला रंगकामाची ठेकेदारी, दाराशी जीप, आणि आता कमरेला फोन! मग काय विचारता! पण त्या काळात आलेला फोन उचलला तरी पैसे पडायचे. म्हणून या शहाण्यानं तिसगावच्या आईवडिलांना एक नियम घालून दिला. आई चांगुणाबाईनं रोज सकाळी बन्सीच्या एस.टी.डी. बूथवरून एकदा रिंग द्यायची, म्हणजे सगळं ठीक. लागोपाठ दोनदा दिली, तर दादांना, म्हणजे वडिलांना, बरं नाही, जीप घेऊन ये. भीमराज फोन उचलणार नाही, नुसता कट करणार. कट झाला की त्याला कळलं, असं समजायचं.

"आन बोलायचं कदी रं?" आईनं विचारलं होतं.

"बोलायला येतोच की महिन्याला!"

त्या सकाळी कामावर चहा पिताना फोन हातोहात फिरत होता. भीमराज पाठमोरा होऊन मजुरांना कामं सांगत होता. सम्राटच्या हातात असताना फोन वाजला. मित्राचे पैसे वाचवावे म्हणून त्यानं तत्परतेनं कट केला, आणि गप्पांच्या नादात सांगायचं राहूनच गेलं. भीमराजनं फोन परत घेतला, तोच पुन्हा वाजला. तिसगावचा नंबर.

"आईची हजेरी लागली," म्हणत त्यानंही हसत कट केला.

दुपारी फोन वाजायला लागला, तो काही केल्या थांबेना. वैतागून त्यानं उचलला.

"भीमा, कुठवर आलास?" आईचा आवाज कापत होता.

"कुठवर म्हंजे? भिंगारलाच हाय की मी."

"आरं, सकाळी दोनदा रिंग दिली! दोन्ही बारी तू कट केलास. दादांच्या छातीत कळा येत हुत्या. शेजारच्या राधाकृष्णाचा टेम्पो नगरला निघाला हुता, दारात थांबला बी हुता. पर दादाच म्हनले, लेक जीप घेऊन निघालाय, वाटंत चुकामूक व्हईल."

"पण सकाळी एकदाच वाजला..." भीमराजनं सम्राटकडं पाहिलं. सम्राटचा चेहरा खर्रकन उतरला.

"आधीचा मी कट केला होता रे."

 भीमराजनं जीप काढली ती सुसाट. वाटेत बन्सीच्या बूथवर आईसाठी निरोप द्यावा, आलोच म्हणून, तर करंजीच्या घाटात त्या डबड्याला रेंजच नव्हती. आग लागो असल्या फोनला! उभ्या रस्त्यानं तो स्वतःलाच शिव्या घालत राहिला.

तिसगावच्या घराच्या ओट्यावर माणसं जमली होती. धुतलेला सदरा घालून, दवाखान्यात जायच्या तयारीनं दादा खाटेवर पडले होते. पायांत वहाणा तशाच होत्या. त्या काढायचं कुणाला सुचलं नव्हतं.

भीमराजनं ते पाय घट्ट धरले. पाय गार पडले होते.

चांगुणाबाई रडत नव्हती. ती रस्त्याकडं बघत म्हणाली, "मी म्हनत हुते, टेम्पोत बसा. तर म्हनले, त्यानं कट केलाय न्हवं? मग येतोच हाय त्यो."